कलम नऊ

पैसे घेऊन भाषांतर करण्याचे काम आम्ही आयुष्यात फार थोड्या वेळा केले. त्यांपैकी एका कामाविषयी येथे लिहायचे आहे. त्याचे मानधन खर्च होऊन बरीच वर्षे लोटली, तरी त्यातील दोन वाक्ये अजून आमच्याकडेच पडून आहेत.

ऊर्जाक्षेत्रातील एका कंपनीला आपली माहितीपुस्तिका मराठीत हवी होती. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. कोकणातील काही गावांच्या शिवारातून तिची वायुवाहिनी जायची होती आणि त्या गावांत ही सोळा पानांची पुस्तिका वाटायची होती. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्याने केलेले भाषांतर 'शुद्ध' असेल, अशी त्यांची समजूत. आणि पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर दुरुस्त करणे भाग असल्यामुळे आमची तयारी. पुस्तिकेचे पहिले वाक्य आम्ही असे केले : 'कंपनी येत्या काही वर्षांत वीजनिर्मिती, वायू आणि जाळे यांमध्ये मोठी गुंतवणूक करणार आहे.'

'जाळे' या शब्दावर कंपनीच्या अधिकाऱ्यांचा दोनदा फोन आला. "जाळे म्हटले की लोकांना अडकल्यासारखे वाटेल," असे ते म्हणाले. शेवटी त्या जागी 'पारेषण व वितरण यंत्रणा' असे छापले गेले. शब्दाच्या छटेविषयीचा हा आक्षेप आमच्या वर्गातल्या कोणा विद्यार्थ्याने घेतला असता तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती. येथे मात्र तो निमूटपणे मान्य केला. 'गुंतवणूक' या शब्दाविषयी दोघांपैकी कोणालाच शंका आली नाही.

वास्तविक शंका यायला हवी होती ती तेथेच. सूत गुंतते, पाय गुंततो, जीव गुंततो, माणूस कामात गुंततो. या साऱ्यांच्या पंक्तीला पैसा पुष्कळ उशिरा येऊन बसला. 'गुंतणे' या क्रियापदाचे 'गुंतवणे' हे प्रयोजक रूप; म्हणजे कोणीतरी कोणाला तरी गुंतवतो. कंपनीच्या वाक्यात गुंतवणारा आहे, गुंतणारा पैसाही आहे. पण त्या पैशाबरोबर आणखी कोण कोण गुंतणार, याचा वाक्यात कोठेही निर्देश नाही. हे आमच्या ध्यानात आले ते एका म्हातारीमुळे. तिच्याकडे येण्यापूर्वी त्या पहिल्या वाक्यातील तीन शब्द सावकाश वाचून पाहू. ते काम आम्ही मानधन घेण्यापूर्वी करायला हवे होते.

पहिला शब्द 'निर्मिती'. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील खाजगी वीजनिर्मितीचा आरंभ सह्याद्रीच्या पाण्यावर झाला. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून ते पाणी कोकणात सोडावे आणि त्याच्या पडण्यातून वीज काढावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. पण ते १९०४ मध्ये वारले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरून तेथे येते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. धूर न ओकता गिरण्या चालू लागल्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि आजही नाही.

भिऱ्याला येणारे पाणी मुळशीच्या धरणातले. नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यातील भातखाचरे त्यासाठी बुडणार होती. १९२१ च्या एप्रिलमध्ये रामनवमीच्या दिवशी तेथील मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्याने दिले. लढा तीन वर्षे रेंगाळला, मोडला आणि धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातील एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. खोऱ्यातील पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांचा भर नुकसानभरपाई चांगली मिळावी यावर होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. जमिनीचा 'मालक' कोण, या प्रश्नाला कागद एक उत्तर देत होता आणि खाचरातला चिखल दुसरे. कंपनीचा व्यवहार कागदाशी झाला.

त्या धरणाने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे साहित्याच्या माणसाचे लक्ष जायला हवे. मुळशीचे पाणी पूर्वी पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाई. आता ते सह्याद्री भेदून पश्चिमेला भिऱ्याकडे उतरते आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळते. शंभर वर्षे होत आली. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या पाण्याचा शेवट बदललेला आहे. कोलाडला कुंडलिकेच्या प्रवाहात रबरी होड्यांचा खेळ चालतो, तोही वीजकेंद्रातून पाणी केव्हा सुटते यावर अवलंबून असतो. 'निर्मिती' या शब्दात काही नवे जन्माला येण्याचा भाव आहे. येथे जन्माला काय आले ते सांगणे सोपे. काय दुसरीकडे वळले, ते सांगायला नदीच्या दोन्ही टोकांना जावे लागते.

दुसरा शब्द 'वायू'. या शब्दाचा महाराष्ट्रातील धडा गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीपाशी आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला आणि राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये. प्रकल्प द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालायचा होता. तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे मत देऊन जागतिक बँकेने त्याला कर्ज नाकारले होते. १९९५ च्या निवडणूक प्रचारात तो अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. नवे सरकार आल्यावर त्याच ऑगस्टमध्ये तो रद्द झाला. आणि १९९६ च्या आरंभी फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा मान्य झाला, तोही आकाराने वाढून. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा वायू उतरवण्याची सोय तयार नव्हती, म्हणून संच नाफ्थ्यावर चालवले गेले. ज्या शब्दावर सारी गुंतवणूक उभी होती, तो शब्द प्रत्यक्षात नव्हताच.

या प्रकरणातील राजकारण आणि अर्थकारण यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने कराराचे केलेले विश्लेषण तर ग्रंथ कसा वाचावा याचा वस्तुपाठ म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. आम्हाला स्वारस्य आहे ते करारातील एका वाक्याच्या घडणीत. मंडळाने वीज घेतली तर तिची किंमत द्यायची, हे उघडच आहे. पण वीज घेतली नाही तरी केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल 'क्षमता आकार' द्यायचा, आणि रकमेचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. मराठीत 'जर' आले की 'तर' येते. येथे 'जर' गळून पडले होते. उरले होते ते नुसते 'द्यावे लागेल'. मंडळाने वीज कमी उचलली की प्रत्येक युनिटवर त्या ठरलेल्या रकमेचा बोजा वाढे. २००० साली काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांच्या भागीदारीतून निघालेल्या नव्या कंपनीने केंद्र हाती घेतले. पुढे वायू आला, २०१३ मध्ये देशी वायूचा पुरवठा आटला आणि केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ च्या सुमारास रेल्वेसाठी त्यातील काही भाग सुरू झाला. कागदावर प्रकल्पाचे नाव बदलले. त्या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र आम्ही अजून 'एन्रॉन'च ऐकतो. गुंतवणारा निघून गेला. गुंतलेले तेथेच राहिले.

तिसरा शब्द, जो पुस्तिकेतून वगळला गेला : 'जाळे'. वीज किंवा वायू जेथे तयार होतो तेथे वापरला जात नाही. तो न्यावा लागतो. नेण्याचा रस्ता कोणाच्या तरी शेतातून जातो. या रस्त्याचे कायदे फार बोलके आहेत. विजेचे मनोरे उभारण्यासाठी जो अधिकार वापरला जातो, तो १८८५ च्या तार कायद्यातून आलेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या जुन्या कायद्याची जागा घेतली, तरी वीजवाहिन्यांपुरता त्यातील तो भाग जपून ठेवला गेला. त्यानुसार जमीन संपादित होत नाही. मनोरा शेतात उभा राहतो आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला सुचवला. २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के केले. म्हणजे तारेच्या सावलीलाही किंमत असते, हे मान्य व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

वायुवाहिनीसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यातील मध्यवर्ती कल्पना 'वापर-हक्क' ही. कंपनीला जमीन लागत नाही, जमिनीच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क लागतो. नळ पुरला की खड्डा बुजवतात, वर पुन्हा भात लावता येतो. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. या बदल्यात कायद्याने ठरलेली भरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. पिकाचे वा झाडांचे नुकसान झाले तर त्याचे पैसे वेगळे.

हे सारे आमच्या पुस्तिकेत होते. नवव्या पानावर आम्ही लिहिले होते : 'सदर पट्ट्यातील जमिनीची मालकी मूळ खातेदाराकडेच अबाधित राहील. तथापि सदर पट्ट्यात बांधकाम, विहीर-खोदकाम व वृक्षलागवड प्रतिबंधित राहील.' दोन्ही वाक्ये खरी. इंग्रजी मजकुराला धरून. प्रमाणलेखनाचे नियम पाळलेली.

एका गावात माहिती-बैठक होती, आणि पुस्तिका वाचून दाखवण्यासाठी आम्हाला बोलावले होते. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष पुढे, बायका खांबांच्या आडोशाला. नववे पान वाचून झाल्यावर मागून एका म्हातारीने विचारले, "मास्तर, जमीन माजीच ऱ्हानार, असा वाचलात ना?"

"हो, आजी."

"मंग कलम लावायचा नाय, ता कुनी सांगितलान?"

आम्ही अधिकाऱ्यांकडे पाहिले. ते सभ्य गृहस्थ होते; चिडले नाहीत. कायद्याचे पुस्तक त्यांच्या मांडीवर होते. "कलम नऊ प्रमाणे," ते म्हणाले.

म्हातारीने मान हलवली. "नऊ नायत ओ सायब. चारच लावायची हायत."

सभामंडप हसला. अधिकारी हसले, सरपंच हसले, पुढे बसलेले पुरुष हसले. आम्हीही हसलो. आंब्याचे कलम आणि कायद्याचे कलम यांवरचा श्लेष इतका अकल्पित आणि इतका निर्मळ होता की, शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हसू न येते तरच नवल. म्हातारी मात्र हसली नाही. सगळे का हसताहेत हे तिला कळले नव्हते, किंवा कळले होते आणि त्यात हसण्यासारखे तिला काही दिसले नव्हते. हसणे ओसरले तेव्हा पुढचा विषय निघाला. तिच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही.

त्या रात्री घरी आल्यावर तो प्रश्न आम्ही पुन्हा आठवून पाहिला. म्हातारीने 'का' असे विचारले नव्हते. 'कुनी' असे विचारले होते. 'प्रतिबंधित राहील' या शब्दप्रयोगात जी जागा आम्ही रिकामी ठेवली होती, नेमक्या त्या जागेवर तिने बोट ठेवले होते. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात प्रयोग शिकवतो, कर्ता कोठे लपतो ते दाखवतो, सत्तेची भाषा कर्ता गाळून कशी बोलते यावर चर्चासत्रांतून निबंध वाचतो. आणि मोबदला मिळताच तीच भाषा आम्ही बिनचूक लिहून दिली होती. तिच्यातली फट शोधली ती जिला अक्षरओळख नव्हती अशा बाईने, एकदा ऐकून.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वीज नको, वायू नको, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. भारनियमनाची वर्षे आम्ही काढली आहेत. 'भारनियमन' हाही एक पाहण्यासारखा शब्द : दिवे जातात त्या प्रकाराला 'नियमन' म्हणायचे! मेणबत्तीच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासताना डोळ्यांना जे झाले ते विसरलेलो नाही. आज हा मजकूर आम्ही विजेच्या दिव्याखाली लिहीत आहोत आणि ती वीज कोणाच्या तरी शेतावरून आलेली आहे. कोळसा जाळण्यापेक्षा वायू जाळणे हवेला कमी जाचक, हेही आम्ही जाणतो. इतकेच कशाला, ज्या छपराखाली बसून लिहितो, त्याची कौले त्या भाषांतराच्या पैशातून बदलली आहेत. गुंतलेल्यांत आम्हीही आहोत.

आमची तक्रार वाक्याविषयी आहे, आणि ते वाक्य आमचे आहे. धरणाखाली गाव गेलेल्यांचे दुःख मराठी कादंबरीत आले. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आपण अभ्यासक्रमातही वाचली. विस्थापिताला निदान एक नाव असते, एक उठाव असतो, निघून जाण्याचा एक दिवस असतो. वायुवाहिनीच्या पट्ट्यातला माणूस कोठेही जात नाही. त्याचे घर जागेवर, नाव सातबाऱ्यावर, भात खाचरात. गेले ते फक्त चार कलमे लावण्याचे स्वातंत्र्य. म्हणजे नातवंडांच्या काळापर्यंत पोचणारी एक इच्छा. एवढ्याशा हानीला आपल्या साहित्यात अजून शब्द नाही, आणि कायद्याने ज्याला 'अबाधित मालकी' म्हटले त्याला हानी म्हणावे तरी कसे, असा पेच पडतो. मुळशीच्या काळात निदान जमीन बुडालेली डोळ्यांना दिसत होती.

म्हणूनच या हानीची पहिली नोंद भाषांतरातच व्हायला हवी होती. पुस्तिकेत जे लिहिले जाते ते गावाला कायद्याआधी आणि नळाआधी भेटते. तेथे 'तथापि' या शब्दाआड जे लपवले, ते पुढे कोणी शोधून काढील याची खात्री नसते. आम्ही खोटे काही लिहिले नाही, हे आम्ही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. पण ऐकणाऱ्याला अर्थ पोचणार नाही अशा रीतीने खरे सांगणे, हे कौशल्यही भाषेतच शिकावे लागते. आणि ते आम्हाला येत होते.

तेव्हापासून दरवर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही ती दोन वाक्ये फळ्यावर लिहून देतो. कोठून आली ते सांगत नाही. सूचना एवढीच : 'कर्ता शोधा आणि गावातल्या वयस्कर माणसाला कळेल असे पुन्हा लिहा.' बहुतेकजण 'प्रतिबंधित'च्या जागी 'मनाई' घालून मोकळे होतात. काहीजण 'तथापि'चे 'पण' करतात, आणि तेवढ्यानेही वाक्यात पुष्कळ उजेड येतो. अलीकडे एका मुलीने लिहून दिले :

'जमीन तुमच्या नावावर राहील आणि तिचा सारा तुम्हीच भरायचा. पण कंपनीचा नळ खालून जाणार आहे, म्हणून त्या पट्ट्यात तुम्ही झाड लावायचे नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचे नाही, असे सरकारने ठरवले आहे. तुमच्या मुलांनीही लावायचे नाही. याबद्दल जमिनीच्या किमतीचा दहावा हिस्सा एकदाच मिळेल.'

दहावा हिस्सा हे तिला कोठून कळले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्याही शेतातून गेली आहे."

तिला आम्ही दहापैकी दहा गुण दिले. हे भाषांतर आमच्या भाषांतरापेक्षा सरस आहे, असे कागदाच्या खाली लिहिले. मानधन मात्र आम्ही घेतले होते, हे लिहायचे राहिले होते. ते येथे लिहीत आहोत.